दाखल्यापासून अनुदानापर्यंत

माझे थोरले चुलतभाऊ गावात दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर बसतात. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दोन वर्षांचे असताना पोलिओच्या तापात त्यांचा डावा पाय लुळा पडला; आज त्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात मी गावी गेलो असता त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे ठेवली. पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक आणि २००३ साली मिळालेला, हाताने लिहिलेला अपंगत्वाचा दाखला, असे घड्या पडलेले कागद होते. "तू कॉलेजात शिकवतोस," अण्णा म्हणाले, "हे एवढे मार्गी लाव."

मी 'हो' म्हटले. अर्थशास्त्रात एम. ए. झालेल्या माणसाला एक अर्ज भरता येऊ नये काय? पुढे अकरा महिने गेले. त्यांतले निम्मे महिने कचेऱ्यांनी घालवले असतील. पण निम्मे मी घालवले, हे आधी कबूल करतो आणि मग पुढचे सांगतो. ज्यांच्या घरात कोणी दिव्यांग आहे, किंवा ज्या शिक्षकांच्या वर्गात असे मूल बसते, त्यांना यातून आपले चार हेलपाटे वाचवता आले तर पाहावे.

पहिला घोटाळा होतो तो असा. दवाखान्यातून दाखला मिळाला, कार्ड हाती आले, की आता 'पगार' सुरू होणार असे आपण धरून चालतो. गावात या अनुदानाला पगारच म्हणतात. तसे होत नाही. सातबारा हाती असला म्हणून पीककर्ज आपोआप खात्यात जमा होते काय? उतारा जमीन कोणाची एवढे सांगतो. कर्जासाठी निराळे दार ठोठवावे लागते. त्याचप्रमाणे दाखला इतकेच सांगतो की, या माणसाला अमुक प्रकारचे, अमुक टक्के दिव्यांगत्व आहे. तो घेऊन मग एकेका दाराशी जायचे. महिन्याचे अनुदान तहसील कचेरीतून मंजूर होते. एसटीच्या भाड्यातली ७५ टक्के सवलत एसटी महामंडळाची. दिव्यांगत्व ६५ टक्के वा अधिक असेल तर सोबत्यालाही निम्मे भाडे. रेल्वेचा सवलतीचा दाखला पुन्हा वेगळा. आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातली ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती कशावर खर्च झाली हे ग्रामसभेत उभे राहून विचारता येते, आणि माझे मत विचाराल तर दरवर्षी विचारलेच पाहिजे.

तेव्हा आधी दाखला, मग लाभ. दाखल्याचे पाहू.

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार सांगितले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले, आणि हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. हा फरक आपल्या खेड्यांत अजून पुरता पोचलेला नाही. पाय अधू, डोळे अधू, कान अधू, एवढ्यावरच आपली समजूत थांबते. परंतु सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे विकार आता यादीत आहेत. स्वमग्नता आहे, मानसिक आजार आहे, कंपवात आहे, स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, ॲसिडने भाजलेली व्यक्ती आहे, कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती आहे. वाचता-लिहिता येण्यातली विशिष्ट अडचण, जिला आपण वर्गात सरसकट 'ढ' म्हणून मोकळे होतो, तीही आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांतल्या गुरुजींना सिकलसेलचे मूल नवीन नाही. सांधे दुखतात म्हणून ते महिन्यातून चार दिवस गैरहजर राहते. त्याच्या आईबापांना या आजाराचा दाखला मिळू शकतो हे ठाऊक असतेच असे नाही.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर व्यर्थ आशा लागते. एक डोळा चांगला आणि दुसरा पूर्ण गेलेला असेल, तर सध्याच्या मोजणीत दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत राहते. ऐकण्याचेही तसेच, कायद्याची व्याख्या दोन्ही कानांची आहे, एकच कान गेला असेल तर ती लागू होत नाही. आणि ४० टक्के हीच बहुतेक सवलतींची उंबरठ्याची रेघ आहे. कार्डाच्या रंगावरूनही हे कळते. ४० टक्क्यांहून कमी असेल तर पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे, आणि ८० व त्यावर निळे. पांढरे कार्ड निरुपयोगी असते असे नव्हे, पण त्याच्यावर महिन्याचे अनुदान मिळत नाही. असे कार्ड हाती आल्यावर माणूस तहसिलीत जाऊन भांडतो. पण टक्के तहसीलदार ठरवत नाहीत, डॉक्टर ठरवतात. मोजणी चुकली असे वाटत असेल तर ९० दिवसांच्या आत वरच्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. ही मुदत लक्षात ठेवावी.

आता कागदांच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. ते दुखणे म्हणजे नाव.

अण्णांच्या पिशवीतले पाच कागद मी ओट्यावर मांडले. शाळेच्या दाखल्यावर त्यांचे पाळण्यातले नाव. आधारवर हाकेचे नाव. रेशनकार्डावर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव नाहीच. बँकेत इंग्रजी स्पेलिंग आणखी निराळे. २००३ च्या दाखल्यावर तर लिहिणाऱ्याने वडिलांच्या नावातला एक काना खाल्लेला. जन्मतारीख दोन कागदांवर १ जून. तुमच्या लक्षात असेल, एका पिढीतली निम्मी खेड्यातली मुले १ जूनलाच जन्मलेली आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली! माणसाने पाहिले तर पाचही कागद एकाच इसमाचे आहेत हे शेंबडे पोरही सांगेल. परंतु हल्ली कागद माणूस पाहत नाही, यंत्र पाहते; आणि यंत्र अक्षराला अक्षर जुळवते. जुळले नाही की अर्ज परत.

येथे मी चुकलो. शाळेचा दाखला म्हणजे मूळ कागद, अशी आम्हा शिक्षकांची मोठी श्रद्धा. मी अर्जात शाळेतले नाव लिहिले. अर्ज आधारशी ताडून पाहिला गेला, नाव जुळेना. दोन महिने त्यात गेले.

म्हणून पहिले काम अर्ज भरण्याचे नाही. पहिले काम सगळे कागद एका सतरंजीवर मांडून, नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव, जन्मतारीख, ही ओळीने वाचून पाहण्याचे आहे. आधार हा पाया धरावा, कारण कार्डाचे संकेतस्थळ आणि बँक, दोघेही त्याच्याशीच ताडून पाहतात. आधारच चुकीचा असेल तर आधी तो दुरुस्त करावा, मग बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्यावेत. मात्र घाई नको. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. केंद्रात बसलेल्या पोराने घाईत पुन्हा चूक टंकली तर एक संधी वाया गेली असे समजावे. पावती हाती आली की तिथेच, खुर्चीवरून न उठता, अक्षर न् अक्षर वाचून घ्यावी. वाचता येत नसेल तर ज्याला येते त्याला बरोबर न्यावे.

गुरुजी मंडळींनो, येथे तुमचा संबंध येतो. या साऱ्या गोंधळाचा उगम पुष्कळदा शाळेच्या जनरल रजिस्टरात असतो. पहिलीत नाव घालताना आई हाकेचे नाव सांगते, आपण ते लिहून टाकतो. मूल शाळेत आहे तोवर, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने, रजिस्टरातली नोंद दुरुस्त करून घेता येते. मुलाने शाळा सोडली की तेच काम फार अवघड होऊन बसते. ज्या मुलाला पुढे आयुष्यभर या कागदावर अवलंबून राहायचे आहे, त्याच्या नावाच्या ओळीवर पाच मिनिटे अधिक खर्च करणे आपल्याला जड नाही.

नाव जुळले. आता अर्ज.

१ जून २०२१ पासून दाखला फक्त केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' नावाच्या संकेतस्थळावरूनच दिला जातो. तेथे एकच अर्ज दाखला आणि वैश्विक ओळखपत्र या दोहोंसाठी असतो. या ओळखपत्रालाच सर्वजण यूडीआयडी कार्ड म्हणतात. त्यावरचा अठरा अक्षर-अंकांचा क्रमांक हीच पुढे तुमची ओळख. जुना हाती लिहिलेला दाखला असेल तर तोही टाकून देऊ नये. 'पूर्वीचा दाखला आहे' असे अर्जात सांगून त्याची प्रत जोडता येते, म्हणजे दवाखान्याला मागचा इतिहास कळतो. अर्ज करण्यास संकेतस्थळावर शुल्क नाही. आपण सेतूत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन भरून घेतला तर केंद्रचालक आपल्या श्रमाचे पैसे घेतो. त्याची पावती मागावी. 'टक्के वाढवून देतो' असे म्हणणारा कोणी भेटला, तर त्याच्या सावलीलाही उभे राहू नये. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. आणि ती शिक्षा मध्यस्थाला सोडून कागदावर ज्याचे नाव आहे त्याच्याच गळ्यात पडते.

अर्जात एक चौकट मोबाइल क्रमांकाची असते. सगळ्या अर्जात सर्वांत क्षुल्लक दिसणारी आणि सर्वांत घातक अशी ती चौकट आहे. अण्णांजवळ साधा फोन होता, त्याचे रिचार्ज कधी असे, कधी नसे. मी परोपकाराच्या भरात माझा क्रमांक लिहून दिला. पुढे काय झाले ते ऐका. नोव्हेंबरात अण्णा गिरणी बंद ठेवून, दोन गाड्या बदलून, तालुक्याच्या केंद्रात जाऊन उभे राहिले. यंत्राने ओटीपी, म्हणजे त्या वेळेपुरता सांकेतिक अंक, पाठवला. तो आला माझ्या फोनवर. आणि माझा फोन होता कॉलेजच्या परीक्षा विभागातल्या कपाटात, कुलुपात, कारण मी पर्यवेक्षक होतो आणि वर्गात फोन नेण्यास बंदी! तीन तासांनी मी फोन उघडला तेव्हा चार अंक मागोमाग येऊन शिळे झाले होते आणि अण्णा परतीच्या गाडीत बसले होते. संध्याकाळी त्यांनी फोन केला. रागावले नाहीत. "पुढच्या वेळी पेपर कधी आहेत ते विचारून जाईन," एवढेच म्हणाले.

पुष्कळ घरांतून याहून वाईट घडते. केंद्रचालक आपलाच क्रमांक टाकून देतो, दोन वर्षांनी त्याचे दुकान बंद होते किंवा तो क्रमांक बदलतो, आणि मग तुमच्या कागदाची किल्ली कोणाच्या खिशात आहे हेच कळत नाही. तेव्हा क्रमांक स्वतःचा द्यावा. स्वतःचा नसेल तर त्याच घरात राहणाऱ्या, रोज संध्याकाळी भेटणाऱ्या माणसाचा द्यावा. परगावच्या शिकलेल्या नातेवाइकाचा देऊ नये, मग तो एम. ए. का असेना. तोच क्रमांक आधारलाही जोडलेला असावा, आणि तो क्रमांक जिवंत ठेवावा. पूर्वीच चुकीचा गेला असेल तर संकेतस्थळावर बदलाची विनंती करता येते.

अर्ज गेला की नोंदणी क्रमांक मिळतो. तो कागद पिशवीत ठेवावाच, पण भिंतीवर कॅलेंडरच्या मागेही लिहून ठेवावा. मग दवाखान्याची पाळी. अर्जात निवडलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते. त्यासाठी बहुधा आठवड्यातले ठरावीक वार असतात, आणि कान, डोळे, हाडे, मन यांचे तज्ज्ञ एकाच दिवशी असतीलच असे नाही. म्हणून जाण्याआधी चौकशी करून जावे. जुने एक्सरे, शस्त्रक्रियेचे कागद, चालू गोळ्यांची चिठ्ठी हे सर्व बरोबर असावे. डॉक्टरांपुढे आपण उगाच धीट होतो. 'चालता येते का?' असे विचारले की अण्णा म्हणाले, 'येते की!' किती चालता येते, किती वेळ उभे राहता येते, जिना कसा चढता, हे त्यांनी सांगितलेच नाही. खरे आहे ते सगळे सांगावे. कमी नाही, जास्त नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली. पूर्वी एक महिन्यात दाखला द्यावा असे होते, आता मुदत तीन महिन्यांची केली आहे. आणि दोन वर्षे निर्णयच झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो. तो पुन्हा जागा करावा लागतो किंवा नव्याने भरावा लागतो. म्हणजे 'दिला आहे अर्ज, येईल कधीतरी' असे म्हणून स्वस्थ बसण्याचे दिवस गेले. तीन महिने झाले की नोंदणी क्रमांक घेऊन विचारायला जावे. दाखला हाती आला की आणखी एक गोष्ट वाचावी: तो कायमचा आहे की तात्पुरता? तात्पुरता असेल तर त्यावर मुदतीची तारीख असते, आणि ती उलटली की बाकीचे लाभही अडतात. हा दाखला साऱ्या देशात चालतो, हे कायद्यातच लिहिले आहे. पुण्याला मजुरीला गेलेल्याने किंवा सुरतेला मुलाकडे राहायला गेलेल्याने तिथे दुसरा काढण्याचे कारण नाही.

यानंतर अनुदान. आपल्या राज्यात त्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ही योजना १९८० सालापासून चालत आली आहे. दिव्यांगांपुरते बोलायचे तर दिव्यांगत्व किमान ४० टक्के, वय १८ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य, या मुख्य अटी. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना लागू होते. रक्कम २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाली होती. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना ती २,५०० रुपये केली आहे. ज्याच्या घरी महिन्याला २,५०० रुपये नियमाने येतात त्याला घरात कोणी ओझे म्हणत नाही. हे मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले नाही, आमच्याच घरात पाहिले आहे.

अर्ज तहसील कचेरीकडे जातो. त्याला जोडायचा उत्पन्नाचा दाखला काढताना नेमके कोणाचे उत्पन्न धरायचे यावरून गोंधळ उडतो. एकाच रेशनकार्डावर तीन भावांची नावे असली की तिघांची मिळकत एकत्र दिसते, आणि ज्याच्या हाती काहीच नाही तो पन्नास हजारांवर जाऊन बसतो. वेगळे राहत असाल, वेगळी चूल असेल, तर आधी रेशनकार्ड विभक्त करून घ्यावे. हे काम अर्जाच्या आधीचे आहे, नंतरचे नव्हे. तलाठ्याकडे चौकशी होते तेव्हा जे खरे आहे ते तिथे सांगावे. अर्ज पुढे तालुक्याच्या समितीपुढे जातो. समितीची बैठक कधी आहे हे विचारून ठेवलेले बरे, कारण एक बैठक हुकली की पुढची कधी होईल याचा नेम नसतो, आणि मंजुरीआधीचे महिने कोणी भरून देत नाही.

मंजुरी मिळाली तरी काम संपत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे हे त्यानेच जाऊन सांगायचे! तो दिला नाही की अनुदान थांबते, आणि कोणी निरोप धाडत नाही. शाळेच्या वेळापत्रकासारखी ही तारीखही घरात लावून ठेवावी.

आता एक अडचण अशी की तिच्यापुढे साक्षरही हतबल होतो. ओळख पटवण्यासाठी बोटाचा ठसा लागतो. ज्याची बोटेच झडली आहेत त्याने काय करावे? रोज गवंडीकाम, शेतकाम करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचेही तेच. आधारच्या नियमांत अशा व्यक्तींची नोंद बोटांच्या ठशांशिवाय करण्याची तरतूद आहे. केंद्रचालक 'होत नाही' म्हणाला तर 'अपवाद म्हणून नोंद करा' असे सांगावे. चेहऱ्याचेही तसेच आहे. यंत्र सांगते, कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करा. आणि ॲसिडने भाजलेल्या बाईला पापणी मिटता येत नाही. अशाच एका अर्जावर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशा यंत्रावरच्या सेवांपर्यंत पोचता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ओळख पटवण्याच्या रीती दिव्यांगांना जमतील अशा कराव्यात म्हणून २० निर्देश दिले. निर्णय दिल्लीत झाला आणि खिडकी तालुक्याला आहे, ही गोष्ट खरी. तरी 'असा निर्णय आहे' हे खिडकीशी शांतपणे सांगता येणे, यालाही वजन असते.

आपण पूर्वी 'अपंग' म्हणत असू, आता 'दिव्यांग' म्हणतो. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्याने त्यासाठी स्वतंत्र खातेही काढले. चांगली गोष्ट आहे. पण अण्णांना ज्या खोलीत कागद दाखवायचे होते ती पहिल्या मजल्यावर होती, आणि कठड्याला धरून बावीस पायऱ्या चढून गेल्यावर ते धापा टाकीत म्हणाले, "नाव बदलले रे, जिना तोच आहे." सार्वजनिक इमारतींत दिव्यांगांना जाता आले पाहिजे हे २०१६ च्या कायद्यात आहे. ज्या शाळेच्या दारात अजून उतार बांधलेला नाही, तिने आधी आपल्या पायऱ्या मोजाव्यात.

काम अडले तर काय करावे? प्रथम, कोणताही अर्ज पोच घेतल्याशिवाय देऊ नये. तोंडी 'ठेवून जा' म्हटले की तो अर्ज दिला नाही असेच समजावे. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांना २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने मुदती बांधून दिल्या आहेत. मुदत उलटली तर त्याच खात्यात पहिले व दुसरे अपील, आणि त्यावर आयोगाकडे तिसरे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. 'त्रुटी आहे' हे कारण नव्हे. कोणती त्रुटी ते लिहून हवे. लेखी दिले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून आपल्या प्रकरणाची स्थिती विचारता येते, ३० दिवसांत उत्तर यावे लागते. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यास आहे, तिथेही तक्रार करता येते. मला असे दिसले की, नुसती पोच आणि तारीख हातात असली तरी खिडकीपलीकडच्या माणसाचा सूर बदलतो. तो माणूसही वाईट नसतो. त्याच्यापुढे शंभर कागद असतात आणि तारखेचा कागद तो आधी उचलतो.

शिक्षकांसाठी अजून थोडे. वर्गातले मूल फळा दिसत नाही म्हणून पुढे सरकते, हाक मारली तर ओ देत नाही, अक्षरे उलटी लिहिते, खेळाच्या तासाला एकटे बसते. हे आईबापांच्या आधी आपल्याला दिसते. अशी प्राथमिक पाहणी करण्यासाठी एनसीईआरटीने २०२२ मध्ये 'प्रशस्त' नावाची यादी व ॲप तयार केले. कायद्यातले २१ ही प्रकार त्यात धरले आहेत. त्यावरून आपण निदान करायचे नाही, ते डॉक्टरांचे काम. आपण फक्त पालकांना वेळेवर वाट दाखवायची. दाखला वेळेवर झाला तर नववी-दहावीची शिष्यवृत्ती मागता येते आणि परीक्षेत ताशी २० मिनिटे जादा वेळ वा लेखनिक मिळतो. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करणारे पालक आपण दरवर्षी पाहतो. ते काम पाचवीत व्हायला हवे होते. ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हेही पालकांना सांगावे. आणि मूल बौद्धिक अक्षमतेचे किंवा स्वमग्न असेल, तर ते अठरा वर्षांचे झाल्यावर कायद्याने सज्ञान ठरते. त्याच्या वतीने व्यवहार करण्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून आईबापांना रीतसर पालकत्व घ्यावे लागते. हे सतराव्या वर्षी सांगितलेले बरे.

अण्णांचे प्रकरण २०२५ मध्ये मंजूर झाले. तीन महिने गेले, पासबुकात एक रुपया नाही. मी पुन्हा तहसील कचेरीत गेलो, तर यादीत 'रक्कम जमा' असे स्पष्ट लिहिलेले. आता मात्र मला संशय आला की कोणी पैसे खाल्ले. पण तसे काही नव्हते. ही रक्कम पासबुकातल्या खाते क्रमांकावर जात नाही, आधारवर जाते. आणि एकाच माणसाची तीन खाती आधारला दाखवलेली असली तरी, सरकारी पैसा थेट जमा होण्यासाठी ज्या खात्याची जोडणी शेवटची झाली असेल त्यातच तो पडतो. अण्णांनी मागे गॅसच्या अनुदानासाठी बाजारगावच्या दुसऱ्या एका बँकेत खाते उघडले होते आणि ते विसरून गेले होते. आपल्या आधारशी सध्या कोणती बँक जोडलेली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर, किंवा बँकेत विचारून, कळते. आम्ही त्या बँकेत गेलो. पासबुक हरवले होते, नवे काढले. छापून आलेल्या पानावर खाली ओळीने तीन रकमा होत्या. अण्णांनी त्या बोट ठेवून मोजल्या, पासबुक पिशवीत घातले, आणि मला म्हणाले, "आता या पिशवीची एक झेरॉक्स काढून तुझ्याकडे ठेव. फोन नंबर मात्र माझाच राहू दे."